खो मिळेपर्यंत

खो-खोच्या मैदानावर आक्रमण करणाऱ्या संघाचे नऊ गडी उतरतात. त्यांतला एक धावत असतो आणि उरलेले आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून आपापल्या चौकोनात बसलेले असतात. बसलेल्या गड्याने पाठीमागून, नीट ऐकू येईल अशा आवाजात 'खो' मिळाल्याखेरीज उठायचे नसते. आपल्या मनाने उठल्यास पंच शिट्टी फुंकतात. हा नियम मी वर्तमानपत्रांच्या वाचकांना अकरा वर्षे निरनिराळ्या शब्दांत समजावून सांगत आलो आहे. मी स्वतःही एका चौकोनात बसलेलो आहे आणि माझ्या पाठीमागून कोणी धावत येत असल्याची काहीच चिन्हे नाहीत, ही गोष्ट ध्यानात यायला मात्र मला बराच वेळ लागला.

मी क्रीडा पत्रकार आहे, पण कुणाच्याही हजेरीपटावर नाही. मराठीत आम्हाला 'मुक्त पत्रकार' म्हणतात. यातला 'मुक्त' हा शब्द ज्याने योजला त्याला महिन्याच्या सात तारखेला दूधवाल्याचे बिल द्यावे लागत नसणार. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि लाल मातीतला खेळ रात्रीच्या जेवणाच्या वेळी घराघरांतल्या दूरचित्रवाणीवर दिसू लागला, तेव्हा मी एका पतपेढीत कारकून होतो. मैदानी खेळांना आता दिवस आले आहेत, त्यांवर लिहिणारी माणसे लागतील, असे मला वाटले आणि मी राजीनामा देऊन एका दैनिकाच्या क्रीडा संपादकांसमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "सध्या जागा नाही रे. पण तू लिहीत राहा, तुझं नाव माझ्या डोक्यात आहे." त्यानंतर त्या खुर्चीवर एकामागून एक तीन संपादक बसले आणि तिघांच्याही डोक्यात माझे नाव होते. निवृत्त होताना तिघांनीही कपाटे रिकामी करून दिली. डोकी मात्र ते बरोबर घेऊन गेले.

या व्यवहारात मोबदल्याला 'मानधन' म्हणतात. त्यातला मान आधी मिळतो आणि धन तीन महिन्यांनी येते. माझे मानधन कॉलम-सेंटिमीटरवर ठरलेले होते, त्यामुळे रोज सकाळी पुतण्याची शाळेची पट्टी घेऊन मी आपली बातमी मोजत बसत असे. मथळा मोजायचा की नाही यावरून लेखा विभागाशी माझा दोन वर्षे पत्रव्यवहार चालला. छायाचित्राची जागा धरायची नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी एकमताने ठरले होते. सेंटिमीटरवर पोट असलेल्या माणसाकडून संयत शैलीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. 'सामना चुरशीचा झाला' एवढ्याने जिथे भागते तिथे मी 'क्रीडारसिकांना शेवटच्या क्षणापर्यंत जागेवर खिळवून ठेवणाऱ्या, अत्यंत चुरशीच्या आणि तितक्याच रंगतदार झालेल्या लढतीत' असे लिहीत असे. डेस्कवरचे उपसंपादकही पोहोचलेले होते. 'लढतीत' एवढा शब्द ठेवून ते बाकीचे सारे उडवून देत.

त्यांतून आयोजकांचे प्रसिद्धिपत्रक आले की पंचाईत दुप्पट होते. जिल्हास्तरीय स्पर्धेच्या पत्रकात उद्घाटक, प्रमुख पाहुणे, सन्माननीय उपस्थित, स्वागताध्यक्ष आणि ज्यांच्या सौजन्याने मॅट अंथरली गेली ते गृहस्थ, अशी चौदा नावे असतात. सामना कोणी जिंकला हे शोधण्यासाठी पत्रक उलटावे लागते. छापताना ही नावे गळाली की सकाळी साडेसहाला फोन येतो, आणि तो कधीही संपादकांना येत नाही.

मैदानावरची परिस्थिती याहून फारशी सोपी नसते. मुंबईच्या आझाद मैदानात बावीस खेळपट्ट्या आहेत आणि सुट्टीच्या दिवशी त्यांवर इतके सामने एकाच वेळी चालतात की एका सामन्याचा कव्हरमधला क्षेत्ररक्षक शेजारच्या सामन्यातल्या पंचाच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो. एकदा मी तासभर तल्लीन होऊन एका डावखुऱ्या फलंदाजाची नोंद करीत होतो. तो मला नेमून दिलेल्या सामन्यात खेळतच नाही, हे मला चहाच्या वेळी कळले. कांगा लीगचे दुखणे वेगळेच आहे. १९४८ पासूनची ही स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यात खेळवली जाते, कारण ओल्या खेळपट्टीवर आणि वाढलेल्या गवतात जो धावा करील तो कुठेही करील, असा मुंबईकरांचा पक्का समज आहे. फलंदाजाचा तिथे कस लागतो हे खरेच आहे, परंतु छत्री मानेत धरून गुणलेखकाच्या भिजलेल्या वहीतून 'आर. पाटील' या एकाच नावाच्या दोन गोलंदाजांचे बळी वेगवेगळे करणाऱ्या वार्ताहराचा लागणारा कस कुठल्याही गुणफलकावर चढत नाही.

या सगळ्यात एक आशा मात्र कायम असते, की एखाद्या दिवशी आपल्या डोळ्यांदेखत इतिहास घडेल आणि ती बातमी आपल्याला थेट नोकरीत नेऊन बसवील. या आशेला पूर्वपुण्याईही आहे. १९८८ च्या फेब्रुवारीत याच आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धेच्या सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी या दोन शाळकरी मुलांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. तो सामना आपण स्वतः पाहिला असे सांगणारे इतके ज्येष्ठ पत्रकार मला आजवर भेटले आहेत की ते सगळे खरोखर आले असते तर सामना वानखेडेवर हलवावा लागला असता.

माझ्या वाट्यालाही असा दिवस आला होता, तो घराजवळ आला आणि निघून गेला. मी कल्याणला राहतो. ४ जानेवारी २०१६, सोमवार. त्या दिवशी मी सकाळची जलद लोकल पकडून एका मॅरेथॉनच्या टी-शर्टाच्या अनावरणासाठी मुंबईत गेलो होतो, कारण तिथे 'मोठी माणसं भेटतील, ओळखी होतील' असे मला डेस्कवरून सांगण्यात आले होते. टी-शर्ट निळा होता. मी तो निळा असल्याची बातमी लिहीत असताना इकडे कल्याणमध्ये, माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, प्रणव धनावडे नावाचा शाळकरी मुलगा भंडारी करंडकाच्या सामन्यात दिवसअखेर नाबाद ६५२ वर पोहोचला आणि ए. ई. जे. कॉलिन्स या इंग्लिश शाळकरी मुलाचा १८९९ पासूनचा एका डावातल्या ६२८ धावांचा विक्रम त्याने मागे टाकला. रात्री घरी परतलो तेव्हा आई म्हणाली, "अरे, आपल्याकडे कुणीतरी फार रन काढले म्हणतात. तुला ठाऊक असेलच." दुसऱ्या दिवशी मी पहाटेच मैदानावर जाऊन बसलो, तर तिथे वाहिन्यांच्या गाड्या आधीच लागलेल्या होत्या आणि आमच्या दैनिकानेही मुंबईहून पगारी प्रतिनिधी पाठवला होता. प्रणव ३२७ चेंडूंत नाबाद १००९ पर्यंत गेला. मुंबईच्या प्रतिनिधीला स्टेशनवरून मैदानावर कसे यायचे हे फोनवर सांगण्याची कामगिरी माझ्याकडे होती आणि ती मी चोख पार पाडली.

पुढे एका क्रीडाविषयक संकेतस्थळाने मला बोलावले. तिथे आधी तीन नमुन्याचे लेख विनामूल्य मागितले गेले. ते पसंत पडले, छापूनही आले आणि त्यानंतर आणखी तीन नमुने मागवण्यात आले. हलवायाच्या दुकानात पेढ्याचा नमुना असा दोनदा मागून पाहावा, म्हणजे फरक कळेल. तिथल्या कायम नोकरांना रात्रीची झोप असल्यामुळे माझ्याकडे वेस्ट इंडीज आणि ऑस्ट्रेलिया हे दोन मुलुख आले. मेलबर्नची कसोटी आपल्याकडे पहाटे पाचला सुरू होते. वेस्ट इंडीजचा सामना संपवून पाठ टेकावी तोवर ती वेळ होते. माझे मुख्य काम मात्र निराळेच होते. खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या फॅन्टसी खेळांसाठी आज कोणते अकरा निवडावेत, कर्णधार कोणाला करावे, याचे लेख रोज दोन पाडायचे. माझा सल्ला ऐकून एकदा माझा सख्खा मेहुणा चारशे रुपये हरला आणि त्या दिवाळीला त्याने फराळ पाठवला नाही. तरीही हे काम वाढत गेले आणि २०२५ च्या जुलैमध्ये मला सांगण्यात आले, की येत्या महिनाअखेरीस तुमचे नेमणूकपत्र तयार होईल. ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. मेहुणा वाचला, मी बुडालो. माझ्या नोकरीच्या आड आजवर संपादक, मंदी आणि कागदाचे भाव आले होते. दोन्ही सभागृहे आली ती पहिल्यांदाच.

घरच्यांना हे समजावणे कठीण असते. आई लोकांना 'तो पेपरात असतो' एवढेच सांगते. विधान सत्य आहे आणि त्यातला आडपडदाही तिला साधलेला आहे. स्कूटरच्या कर्जासाठी बँकेत गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागितल्या. मी बातम्यांच्या कात्रणांची फाइल पुढे केली. त्यांनी ती आवडीने चाळली, एका कुस्तीच्या बातमीवर माझ्याशी वादही घातला आणि कर्ज नाकारले. मला मनापासून व्यावसायिक मानणारे या देशात एकच खाते आहे, ते म्हणजे आयकर. मानधनातून दहा टक्के कापले जातात ते 'व्यावसायिक सेवेचे शुल्क' या सदराखाली. उत्पन्न करपात्रच नसल्यामुळे विवरणपत्र भरल्यावर ती रक्कम परत येते आणि तोच माझा बोनस.

२०२५ च्या जानेवारीत मला वाटले होते की आता खो मिळणारच. दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा भरली. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे, आणि आमच्या क्रीडा विभागात एकालाही खुंट आणि चौकोन यांतला फरक सांगता येत नव्हता. आठवडाभर मला दिवसाला चार फोन येत होते. संपादक म्हणाले, "हे होऊ दे, मग तुझं बघतोच." १९ जानेवारीला आपल्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवून दोन्ही करंडक जिंकले. परंतु आदल्याच दिवशी क्रिकेटच्या चॅम्पियन्स करंडकासाठी भारतीय संघ जाहीर झाला होता आणि कोणाला घेतले, कोणाला वगळले याच्या चर्चेत पान भरून गेले होते. माझ्या विश्वविजयाला सतरा सेंटिमीटर मिळाले. मी पुतण्याच्या पट्टीने दोनदा मोजून पाहिले. पट्टी पंधराचीच असल्यामुळे तसेही दोनदा मोजावे लागते.

गेल्या महिन्यात एका रविवारी पुन्हा संपादकांचा फोन आला. "एक महत्त्वाचं काम आहे, जागा भरली आहे," ते म्हणाले, आणि या वाक्यातले पहिले अर्धे ऐकून मी उठून उभा राहिलो होतो. हा फाऊलच होता. जागा एका तरुणाने भरली होती आणि त्याला मैदानी खेळ शिकवायचे होते. त्याला घेऊन मी एका आंतरशालेय खो-खोच्या सामन्याला गेलो. मुलगा नम्र होता, वही-पेन घेऊन आला होता. सामना बरोबरीत सुटला तेव्हा मी त्याला अलाहिदा, म्हणजे जादा डाव समजावून सांगितला. "आणि त्यातही बरोबरी झाली तर?" त्याने विचारले. मग लघुत्तम आक्रमण, मी म्हणालो. जो संघ पहिला गडी कमी वेळात बाद करील तो जिंकतो. त्याने सगळे नीट लिहून घेतले, वही मिटली आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "सर, माझा करार दोनच वर्षांचा आहे. पुढचं काही खरं नाही. तुमच्यासारखं मुक्त लिहायचं असेल तर सुरुवात कशी करायची?"

मी त्याला म्हणालो, आधी तीन नमुन्याचे लेख पाठव.