हितचिंतकांसाठी फवारणीचं वेळापत्रक

गेल्या बुधवारी बाजाराला गेले होते. सुकट घेतली, खोबरेल घेतलं आणि शेवटी मेडिकलमध्ये शिरले. पुढे पाच-सहा माणसं, मागे चार. काउंटरवरच्या मुलाने माझी चिठ्ठी उजेडात धरली आणि रिक्षा स्टँडपर्यंत पोचेल अशा आवाजात विचारलं, "काकी, ह्यो डिप्रेशनच्यो गोळ्यो कोणाक?"

मागची बाई एक पाऊल मागे सरकली. चिठ्ठीला खोकला झाला असावा.

मी म्हटलं, "माका." त्याने गोळ्या दिल्या, तीन रुपये सुटे नाहीत म्हणून तीन चॉकलेटं दिली, आणि वर "काळजी घेवा" म्हणाला. बाजारातून एसटीने घरी यायला पाऊण तास लागतो. मी उंबरठा ओलांडते तोच मुंबईहून नणंदेचा फोन वाजला, "वयनी, तुझा बरा असा मा?" आमच्या भागात रेंज मिळत नाही म्हणून तक्रार करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

तेव्हापासून पडवीत माणसांची रीघ आहे. सगळे प्रेमापोटी येतात, चहा घेतात, सल्ला देतात. पण त्यात शिस्त नाही. दोघांनी एकच सल्ला दिला आणि तिसऱ्याला द्यायला काही उरलंच नाही, असं परवा झालं. तो बिचारा नुसताच चहा पिऊन गेला. ही गैरसोय टाळावी म्हणून, ओळखीतल्या कोणाला डिप्रेशन आहे असं कळलं तर काय करावं, याचं हे थोडं मार्गदर्शन.

आधी चेहरा करावा. मयताला जाताना करतो तो नको, कोर्टात केस हरलेल्या माणसाकडे जाताना करतो तो. मग आवाज खाली आणून "कसा वाटता आता?" असं विचारावं आणि उत्तर यायच्या आत समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागावं. शुगरच्या गोळ्यांबद्दल मोठ्याने बोलायची पद्धत आहे, बीपीच्या तर लोक एकमेकांना उसन्यासुद्धा देतात. या गोळ्यांबद्दल मात्र फक्त कुजबुजावं. मेडिकलमध्ये काम करत असाल तर याच्या उलट.

त्यानंतर तिच्याकडे काय काय आहे ते मोजून दाखवावं. "तुका काय कमी असा? चिरेबंदी घर, दोन झील, दारात गाडी, आंब्याची दीडशे कलमां." हे फार गुणकारी. मी जानेवारीत आदोळीसमोर, म्हणजे विळीसमोर, बांगडा घेऊन अर्धा तास बसून राहिले होते, कारण त्याचं डोकं आधी कापायचं की शेपटी ते मला आठवेना. हात उचलत नव्हता. मांजर येऊन तो बांगडा घेऊन गेलं तरी मी बसलेच होते. त्या वेळी कोणी येऊन दारात गाडी आहे याची आठवण करून दिली असती, तर मी ताडकन उठून कालवण केलं असतं यात मला शंका नाही.

रोज सकाळी सूर्योदयाचं चित्र आणि खाली सुविचार पाठवावा. (आमच्या समुद्रात सूर्य मावळतो, पण तुमच्या फोनमध्ये उगवतो, चालायचंच.)

रत्नागिरीचा विनोद विसरू नये. राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि आपली रत्नागिरी, त्यामुळे महाराष्ट्रातल्या प्रत्येक भागाला आपापला विनोद वाटून मिळालेला आहे. "तुका रत्नागिरीक धाडूक होया" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय, म्हटलंही असेल. आता डॉक्टरकडे जाताना मी दाताचं काम आहे म्हणून सांगते. गावाच्या हिशेबाने माझ्या तोंडात आजवर अकरा रूट कॅनल झालेत.

घराण्याचा विषय काढावा. "आमच्या घराण्यात असला काय नाय." हे आमच्या सासरचं वाक्य. माझ्या सासऱ्यांचे थोरले काका बारा वर्षं बागेतल्या मांगरात एकटे राहत होते, कोणाशी बोलत नसत, जेवणाचं ताट बाहेर ठेवून यावं लागे. पण ते विरक्त होते. त्यांची धाकटी बहीण माहेरी परत आली आणि रात्री ओरडायची, तिला बाहेरचं होतं. एक चुलत दीर दारूत गेला, तो मोठ्या मनाचा होता. तर असला काय नाय. मुलांची लग्नं व्हायचीत, हे लक्षात ठेवून सुनेनेही आजार जपून निवडावा.

कोणी दीपिका पदुकोणने २०१५ साली स्वतःचा आजार जाहीर सांगितल्याची आठवण काढली तर, "तिचा काय, ती पैशेवाली" म्हणून विषय मिटवावा. गरिबाला हा आजार होत नाही, कारण त्याला वेळ नसतो. श्रीमंताला होतो, कारण त्याला काम नसतं. आणि मधल्याला झाला तर ती थेरं.

देवाचं बघावंच. माझी हरकत नाही, मीही देवळात नारळ देऊन आले, गुरवाने गाऱ्हाणं घातलं, बरं वाटलं. आपलं नाव घेऊन कोणीतरी मोठ्याने आपलं दुःख सांगतो आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात, यात काहीतरी आहे. पण मग चुलत सासूबाईंनी गोळ्या बंद करू काय म्हणून कौल लावायला लावला. देवाला लावलेली पाकळी ना उजवीकडे पडली ना डावीकडे. अर्धा तास चिकटून. देव माझ्या डॉक्टरइतकाच सावध निघाला.

यावरून मुख्य सल्ल्याकडे येऊ. गोळ्या बंद करायला लावाव्यात. "सवय लागतली", "किडनी जातली", "पंधरा दिवस झाले, काय फरक पडलो?" असं रोज थोडं थोडं म्हणत राहावं.

आता हे म्हणणारे कोण? आंबा बागायतदार. माझा नवरा, त्याचे भाऊ, शेजारी, सगळे. यांना दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक तोंडपाठ. पालवीवर पहिली फवारणी, बोंगे फुटताना दुसरी, मग पंधरा पंधरा दिवसांनी पुढची. तुडतुड्याच्या किडीला वेगळं औषध, भुरीच्या बुरशीला वेगळं, ढगाळ हवा आली की रात्री अंगणात पंप काढून बसतात. कुठली मात्रा, किती लिटर पाण्यात, सगळं वहीत लिहिलेलं. पावसात खड्डे मारून मोहोर आणणारं कल्टार घालतात आणि मोहोराची वाट बघत महिनेच्या महिने काढतात. चौथ्या दिवशी कलमाखाली उभं राहून "काय फरक पडलो?" असं कोणी विचारलेलं मी पाहिलं नाही. फवारणी मध्येच सोडली तर काय होतं ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष सुस्त राहतो. यंदा कलम मोहोरलं नाही म्हणून त्याला आळशी म्हणत नाहीत. "शेजारचा रायवळ बघ कसो लगाडलोहा, तुका काय कमी असा?" असं म्हणत नाहीत. भुरी आलेल्या मोहोराला "तू मनावर घेव नको" म्हणून समजावत नाहीत. मोहोर काळा पडतोय हे चारचौघांना कळू नये म्हणून कलमावर चादर टाकत नाहीत. उलट तिठ्यावर उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारतात, तुझ्याकडे काय मारलंस, माझ्याकडे फरक नाही. कलमाच्या रोगाची लाज कोणालाच नाही. ज्या नवऱ्याने दीडशे कलमांचा हिशेब ठेवला, त्याने माझ्या एका गोळीचं नाव आजतागायत वाचलेलं नाही! या गोळ्यांना गुण यायला दोन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, बरं वाटायला लागल्यावरही काही महिने चालू ठेवायच्या असतात, डॉक्टरांना न विचारता एकदम तोडायच्या नसतात. हे मी त्याला तीनदा सांगितलं. तीनही वेळा तो म्हणाला, "बघूया." कलमाला कधी "बघूया" म्हणाला नाही.

(हे वाचून दाखवल्यावर तो म्हणाला, कलम बोलत नाही म्हणून बरं. मग बराच वेळ गप्प बसला. आता गोळ्यांचं पाकीट त्याच्या फवारणीच्या वहीत आहे. तारखांसकट.)

मार्गदर्शन मी मिश्कीलपणेच पुरं करणार होते, पण ते जमेनासं झालंय.

दोन पावसाळ्यांमागे आमच्या पंचक्रोशीतला एक मुलगा गेला. आपल्या हाताने गेला. बाराव्याला सगळे एकच म्हणत होते, "एका शब्दान सांगल्यान असता तर." त्याने सांगितलं होतं. गणपतीत, कोणाच्या तरी घरी भजन संपल्यावर उसळ खाताना, सगळ्यांसमोर. झोप येत नाही, कशात मन लागत नाही म्हणाला. कोणीतरी म्हणालं, ह्याचा लगीन लावा. सगळे हसले. मीपण हसले. हातातली उसळ मी संपवली.

तेव्हा "सांगितलं नाही" म्हणू नका. तुम्ही ऐकलं नाहीत. बेंगळुरूच्या निम्हान्स या मनाच्या आजारांच्या संस्थेने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मनाच्या वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नाहीत असं निघालं, आणि ते सगळे काही डॉक्टर लांब आहे म्हणून राहिलेले नाहीत. त्यातले कितीतरी तुमच्या पडवीत बसलेत, तोंड शिवून. देशाने २०१७ साली मानसिक आरोग्याचा कायदा केला. त्यात रुग्णाची माहिती गुप्त राहण्याचा हक्क आहे, विम्यात मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायचा आहे, आणि जीव द्यायला गेलेला माणूस फार मोठ्या ताणाखाली होता असंच आधी मानायचं आहे, गुन्हेगार नव्हे. कायद्याला एवढं कळलं. तुम्ही अजून "थेरां" म्हणताय. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर फोनवरून मदतीचा नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. सुविचार पाठवता ना रोज? एक दिवस हा पाठवा.

आणि घरी येणार असाल तर या. पण सल्ला घेऊन येऊ नका. बांगडे साफ करून आणा. नाहीतर नुसते बसा, मी बोलले तर ऐका, नाही बोलले तर चहा प्या आणि पेला धुऊन ठेवा.

आणि तू रे, काउंटरवरच्या बाळा. पुढच्या महिन्यात मी परत येणार आहे, त्याच गोळ्यांसाठी. चिठ्ठी वाचता येते ना तुला? मग मनात वाच. आणि माझे तीन रुपये दे. चॉकलेटं मांजराने पण खाल्ली नाहीत.