ऐरोलीची डेटा सेंटर्स विशाखापट्टणमला पळून जाणार नाहीत

डेटा सेंटर्सवर, म्हणजे आपला ऑनलाइन डेटा सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या इमारतींवर, पर्यावरणासाठी कर लावावा असं माझं मत आहे. त्याविरुद्ध नवी मुंबईतल्या ऐरोली-घणसोलीच्या सोसायटी ग्रुपांवर सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. त्याचा सारांश असा: डेटा सेंटरला ना धूर ना सांडपाणी, मग पर्यावरणाच्या नावाने कर कशाला? पाणी तर ती फारसं वापरतच नाहीत. कर लावलात तर कंपन्या विशाखापट्टणमला जातील. नाही गेल्या तरी भुर्दंड आपल्यालाच, यूपीआय महागेल. आणि गोळा झालेला पैसा पर्यावरणावर कधी खर्च होतो का?

पहिला मुद्दा धुराचा. शेजारच्या महाप्यातल्या डेटा सेंटरच्या इमारतीवर धुराडं नाही, कबूल. धुराडं चंद्रपूरला आहे. महाराष्ट्राची वीज अजूनही मुख्यतः कोळशाची, आणि महानिर्मितीचं सर्वांत मोठं औष्णिक केंद्र चंद्रपूरचं, 2920 मेगावॉटचं. रात्रंदिवस 50 मेगावॉट घेणारं एक डेटा सेंटर वर्षाला जवळपास 44 कोटी युनिट वापरतं. महिन्याला 200 युनिटचं बिल येणाऱ्या 1 लाख 80 हजार घरांना तेवढी वीज पुरते. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे या एका इमारतीच्या नावावर वर्षाला 3 लाख टन. शिवाय वीज गेली की चालणारे डिझेल जनरेटर आहेतच. 12 ऑक्टोबर 2020 ला कळवा-पडघा वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई ठप्प झाली, तशा दिवसासाठीच ते ठेवलेले असतात. त्यांचा धूर मात्र चंद्रपूरला नाही, इथेच राहतो. काही कंपन्या सौर आणि पवन वीज विकत घेतात. घेऊ देत की. जी जितकी घेईल तितका तिचा कर कमी करा, कराचा खरा उपयोग तोच.

पाण्याबद्दल फॉरवर्ड अर्धा बरोबर आहे. सर्व्हर थंड ठेवायला हवेवर चालणारी यंत्रं, म्हणजे चिलर, लावले तर ते पाणी वाचवतात, पण वीज जास्त खातात; कूलिंग टॉवर लावले तर वीज वाचते आणि पाण्याची वाफ होऊन जाते. दोन्हीकडून सुटका नाही. म्हणून करही दोन्हींवर हवा, नाहीतर जे स्वस्त तेच वापरलं जाईल. नवी मुंबई महापालिकेने टीटीसीतल्या, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या, कारखान्यांसाठी ऐरोली आणि कोपरखैरणेत सांडपाणी पुन्हा शुद्ध करणारे प्रकल्प उभारलेत, प्रत्येकी दिवसाला 2 कोटी लिटरचे. ते पाणी घेणाऱ्याला सूट आणि धरणाचं गोडं पाणी घेणाऱ्याला जादा दर, एवढं सरळ आहे हे.

आता तो विशाखापट्टणमचा बागुलबुवा. गुगलने ऑक्टोबर 2025 मध्ये तिथे 15 अब्ज डॉलर गुंतवायची घोषणा केली, त्यामुळे ही भीती अगदीच हवेतली नाही. एआयची मॉडेलं शिकवणारी केंद्रं कुठेही बसू शकतात. पण ऐरोली-रबाळे-महाप्यात ही गर्दी का झाली? मुंबईत वर्सोव्याला इंटरनेटच्या समुद्राखालच्या केबली किनाऱ्याला लागतात म्हणून. शेअर बाजार आणि बँकांची मुख्यालयं खाडीपलीकडे आहेत आणि त्यांना मिलिसेकंद मोजावे लागतात म्हणून. युनिटमागे आठ आणे वाढले म्हणून कोणी बँकेचे सर्व्हर आंध्रात हलवत नाही.

अमेरिकेतल्या व्हर्जिनियाची लाउडन काउंटी बघा. जगात सर्वांत दाटीने डेटा सेंटर्स तिथे आहेत. राज्याने विक्रीकर माफ केलाय, हे खरं. पण सर्व्हरवगैरे साहित्यावर काउंटी दरवर्षी कर घेते. काउंटीचाच हिशेब असा की डेटा सेंटर्सना लागणाऱ्या सेवांवर 1 डॉलर खर्च होतो, तेव्हा त्यांच्याकडून 26 डॉलर कर येतो. कोणी पळालं का? उलट गर्दी इतकी झाली की 2025 मध्ये काउंटीने नव्या केंद्रांना आपोआप मिळणारी परवानगीच काढून घेतली. आणि समजा, एखादं गेलंच. व्हर्जिनिया विधिमंडळाच्या अभ्यास आयोगाने 2024 च्या अहवालात लिहिलंय की अडीच लाख चौरस फुटांच्या नेहमीच्या केंद्रात पूर्ण वेळ माणसं असतात सुमारे 50.

यूपीआयचा मुद्दा तर नुसता घाबरवण्यापुरता. जानेवारी 2020 पासून यूपीआयवर दुकानदाराला लागणारं शुल्क सरकारनेच शून्य केलंय. त्याचा डेटा सेंटरच्या वीजबिलाशी संबंध नाही. युनिटला 50 पैसे लावले तर त्या 50 मेगावॉटच्या केंद्राला वर्षाला 22 कोटी पडतील. ते उभारायलाच किमान 2000 कोटी लागतात, सर्व्हर वेगळे. आणि भुर्दंडाचंच बोलायचं तर आपलं महावितरणचं बिल काढा. त्यात ‘वीज शुल्क’ नावाची ओळ आहे, 16 टक्क्यांची. राज्याच्या 2023 च्या आयटी धोरणात डेटा सेंटरला याच वीज शुल्कात सूट आहे, मुद्रांक शुल्कातही आहे. दिघ्यातल्या चाळीने शुल्क भरायचं आणि शेजारच्या 50 मेगावॉटला माफी. नवा कर राहू द्या बाजूला, आधी ही माफी काढा.

पैसा पर्यावरणावर खर्च होत नाही, हा शेवटचा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही, कारण तो घडलेला आहे. 2010 मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे 50 रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. 2016 पर्यंत तो 400 रुपयांवर गेला. पैसा स्वच्छ ऊर्जा निधीत जायचा होता. 2017 मध्ये जीएसटी आला आणि त्याच 400 रुपयांचं नाव बदलून ते जीएसटीमुळे राज्यांचा बुडालेला महसूल भरून द्यायला वळवले. सप्टेंबर 2025 मध्ये तो उपकरही गेला, कोळशावर जीएसटी 5 चा 18 टक्के झाला, आणि पर्यावरण हा शब्द त्यातून पुसला गेला. पण यावरून कर नको असं ठरत नाही, तो मुंबई-दिल्लीच्या तिजोरीत मोकळा सोडू नये एवढंच ठरतं. वीज शुल्क राज्याचं, ते महापालिकेकडे आपोआप येत नाही. म्हणून कायद्यातच लिहून घ्यायला हवं: ठाणे-नवी मुंबईतून आलेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा दोन्ही महापालिकांच्या वेगळ्या खात्यात, खर्च फक्त शुद्ध केलेल्या पाण्याच्या जलवाहिन्या, टीटीसीलगतच्या वस्त्यांत हवा मोजणारी यंत्रं आणि पालिका शाळांच्या छतावरची सौर वीज यांवर, आणि कोणत्या केंद्राने किती युनिट, किती पाणी आणि किती डिझेल वापरलं हे दर तिमाहीला जाहीर.