थंड हवा ठीक, पण आमच्याकडे घामच

फुटबॉल आणि बिअरवरच्या लेखात म्हटलंय की मॅचच्या दिवशी हवा थंड असली की बिअरची मजा दुप्पट, युरोपात असेल हो, आमच्या नवी मुंबईतल्या नेरूळला ऑक्टोबरमध्ये या एकदा! २०१७ च्या अंडर-१७ फुटबॉल वर्ल्डकपला इथल्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये संध्याकाळी ५ च्या मॅचला काय दमट होतं, नुसतं बसूनही शर्ट अंगाला चिकटायचा आणि ती पोरं तर धावत होती. खाडी जवळ, घाम वाळतच नाही, त्यामुळे तापमान ३२-३३ असलं तरी अंगाला जास्त लागतं. कतारचा वर्ल्डकप उगाच नाही जून-जुलैचा उकाडा टाळून नोव्हेंबर-डिसेंबरला नेला.

आता बिअरचं. लोक स्ट्राँग घेतात कारण पैसे वसूल, पण तिच्यात अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंत असतं, असल्या उकाड्यात हाफटाइमलाच डोकं जड होतं आणि सेकंड हाफ कोण बघणार? मला विचाराल तर माइल्ड लागर, म्हणजे कमी अल्कोहोलची हलकी बिअर, थंडगार, सोबत मसाला शेंगदाणे, आणि प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी घ्याच, बिअरने तहान भागत नाही, उलट लघवीवाटे पाणी जातं अंगातलं. व्हीट बिअर (गव्हाची) मस्तच पण ती डिसेंबर-जानेवारीत, वाशीत कुठेतरी मोठ्या स्क्रीनसमोर बसून रात्रीची प्रीमियर लीग बघताना.

आणि प्लीज, पिऊन पामबीच रोडवर बाइक काढू नका रे, रिक्षा करा नाहीतर लोकल पकडा.