इसेला काहीच दिसत नाही!

जपानला जाऊन आलेली आपली मंडळी क्योटोच्या फुशिमी इनारीतल्या शेंदरी कमानींचे फोटो हमखास टाकतात. इसेचे फोटो फारसे कुणी टाकत नाही, कारण टाकण्यासारखं हाती लागतच नाही. शिंतो या जपानच्या मूळ धर्मपरंपरेतलं हे सगळ्यात मानाचं देवस्थान, सूर्यदेवता आमातेरासूचं. उजी पूल ओलांडायचा, इसुझु नदीच्या दगडी पायऱ्यांवर वाकून हात धुवायचे, उंच झाडांखालून खडीवर करकर करत चालायचं आणि शेवटी समोर काय? लाकडी कुंपण आणि पांढरा पडदा! फोटोला तर देवळापुढच्या पायऱ्यांपासूनच बंदी. दोनदा कमरेतून वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. झालं दर्शन. कुंपणावरून गवताने शाकारलेल्या छपराचा माथा तेवढा दिसतो. पंढरपुरात कळसाला हात जोडून माघारी फिरणाऱ्या वारकऱ्याला यात काही वावगं वाटणार नाही. आमच्यातल्या काहींची मात्र ‘एवढ्यासाठी आलो?’ अशी कुरकुर.

मला विचाराल तर बघायची गोष्ट शेजारी आहे. पांढऱ्या गोट्यांनी भरलेली, तेवढ्याच मापाची मोकळी जागा. दर २० वर्षांनी तिथे हुबेहूब तसंच नवं देऊळ उभं राहतं, रात्रीच्या अंधारात देवता तिकडे जाते आणि जुनं उतरवलं जातं. इ.स. ६९० पासून ही रीत आहे. मध्ये यादवी युद्धांत शंभराहून जास्त वर्षं खंड पडला, तरी पुन्हा सुरू झाली. जुन्या खांबांच्या कमानी होऊन त्या उजी पुलाच्या दोन्ही टोकांना उभ्या राहतात.

‘मग हे प्राचीन कसलं, २०१३ चं बांधकाम!’ असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो. विशीत हाताखाली शिकलेला सुतार चाळिशीत तेच देऊळ स्वतः बांधतो, साठीत पुढच्यांना शिकवतो. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटलं की कोरीव लाकडी सभामंडप पाडून स्लॅब, खाली चकचकीत फरशी, दगडी खांबांना ऑइलपेंट. पैसा तिथेही बराचसा देणग्यांचाच असतो हो, पण तो कारागिरांच्या हाताला काम देतो.

पुढचं स्थलांतर २०३३ मध्ये. त्याचे विधी २०२५ पासूनच सुरू झालेत. जमलं तर २०३३ च्या शेवटी जा. जुनं उतरवण्याआधी काही महिने दोन्ही देवळं शेजारी शेजारी असतात, एक काळवंडलेलं, एक कोरं. अर्थात, दिसणार कुंपणावरूनच!