मागचा दरवाजा कुठाय, ते सांगा आधी

काल दुपारी जेवताना फोन. "सर, गाडी घेऊन जावा की. जागा अडकलीय."

अकरा महिने! अकरा महिने माझी जुनी मॅटाडोर व्हॅन दुरुस्तीसाठी ज्याच्या शेडबाहेर उघड्यावर उभी आहे, तो गॅरेजवाला मला सांगतोय की जागा अडकलीय. वर दिवसाला दोनशे रुपये पार्किंग लावणार म्हणे, एक तारखेपासून. मी म्हटलं, "मागच्या दरवाज्याचं काय झालं ते सांगा आधी." तर म्हणतो, "कुठला दरवाजा?" आणि ठेवला फोन.

हातातली भाकरी तशीच राहिली. आई म्हणाली, "सोड आता, भंगारात घाल ती गाडी." तिचंही बरोबर आहे, घरात वर्षभर याशिवाय दुसरा विषय नाही. पण मी सोडणार नाही.

सुरुवात माझ्याच चुकीनं झाली, ते आधी कबूल करतो. गेल्या वर्षीचा एप्रिल, बाहेर बेचाळीस. मॅटाडोरचं इंजिन पुढच्या दोन सीटच्या मधे, झाकणाखाली. ज्यांनी चालवलीय त्यांना सांगायला नको, ड्रायव्हरची डावी पोटरी भाजून निघते. म्हणून मी डॅशबोर्डवर एक बारका पंखा बसवून घेतला. वायरमननं वायर थेट बॅटरीवरनं ओढली, मधे फ्यूज नाही. ती वायर झाकणाच्या काठाला घासत राहिली आणि एके दिवशी दारात उभ्या गाडीतून धूर. दहा रुपयांचा फ्यूज. शेजारच्या लूमवाल्यांनी त्यांचा आग विझवायच्या भुकटीचा लाल सिलिंडर आणून मारला, बाकीच्यांनी पाणी आणि माती. आठ-दहा मिनिटांत विझलं. इन्शुरन्स नुसता थर्ड पार्टी, म्हणजे आगीचा एक रुपया मिळणार नाही. तेही मान्य.

पण विझल्यावर गाडी काय होती ते ऐका. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या काळचे एक म्हातारे मिस्त्री आहेत, आता काम करत नाहीत, त्यांना रिक्षात घालून आणलं. त्यांनी खिळ्यानं रंग खरवडून दाखवलं. जिथं रंग जळून पत्रा निळसर-करडा पडलाय तिथं पत्र्याचा जीव गेला, तो बदलायचा. जिथं रंगाला नुसते फोड आलेत तिथं पत्रा जिवंत आहे. चेसिसला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका टेप लावला, एकदा असा, एकदा तसा. तीन मिलिमीटरचा फरक. म्हणाले, "काय झालं नाही हिला." आणि मग खडूनं ड्रायव्हरच्या सीटमागून सरळ रेघ मारली, छतापासून खालपर्यंत. रेघेच्या पुढं गेलं, मागचं शाबूत.

ती रेघ मी गॅरेजवाल्याला दाखवली. फोटो काढला. रेघेसकट गाडी, गाडीशेजारी हा उभा, कमरेवर हात ठेवून. म्हटलं, "पुढं काय करायचं ते करा, मागं हात लावायचा नाही." म्हणाला, "टेन्शन घेऊ नका सर, आपलीच गाडी आहे."

तिथंच कळायला पाहिजे होतं. आपलीच म्हणाला आणि खरंच आपलीच समजला.

एस्टिमेट दिलं एक लाख पंच्याऐंशी हजार. कशावर? कॅलेंडरच्या पानामागं. केबिनचा पत्रा, वायरिंग, काच, सीट, रंग, अशा पाच ओळी आणि खाली गोल करून आकडा. एक लाख वीस हजार अ‍ॅडव्हान्स मोजून घेतला. पावती मागितली तर हसला.

पुढच्या तारखा सोलापूरकरांनी आपल्या आपण ओळखाव्यात. आधी "आषाढी होऊ द्या, पोरं वारीला जातात." मग गणपती. मग दसरा, मग दिवाळी. दिवाळीनंतर गेलो तर "गड्डा झाला की बघा, एका आठवड्यात गाडी दारात." गड्डा म्हणजे आमची जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा, तीही झाली. अक्षता पडल्या, पाळणे उतरले, मैदान झाडून झालं, गाडी तिथंच. आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं म्हणून आपण महापालिकेला शिव्या देतो. पण येतं तरी!

या सगळ्यात पावसाळा गेला. आग विझवायच्या त्या भुकटीचं एक असतं, कोरडी आहे तोवर गप्प बसते, ओल लागली की पत्रा खायला लागते. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आतून धुऊन, पुसून, वाळवून गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइडचा एक हात मारून ठेवा. तासाभराचं काम. यानं काचा नसलेली गाडी लिंबाच्या झाडाखाली लावली, वर ताडपत्रीसुद्धा नाही. ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा फ्लोअरवर लिंबोळ्या आणि दोन बोटं पाणी. पायानं दाबलं तर पत्रा पापडासारखा मोडला. रेघेच्या मागचा पत्रा! जो आगीतनं वाचला होता. मी ओरडलो तर म्हणतो, "जुनी गाडी आहे सर, सडणारच की."

मधे स्पेअरचा एक खेळ झाला. पुढच्या काचेचं रबर कुठंच मिळत नाही म्हणाला. खरं आहे, मॅटाडोर बंद होऊन जमाना झाला, कंपनीचं नावसुद्धा २००५ मध्ये बजाज टेम्पोचं फोर्स मोटर्स झालं. मग मीच सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलो, नाना पेठेत दुकानं पालथी घातली, चौथ्या दुकानात माळ्यावरून धूळ झटकून एकानं काढून दिलं. संध्याकाळच्या हुतात्मानं परत. बिडिंगचं वेटोळं मांडीवर घेऊन अडीचशे किलोमीटर बसलोय मी. ते रबर यानं कुठं ठेवलं? उन्हात, ग्रीसच्या डब्याखाली. महिन्याभरात तडकलं. आणि परवाच्या हिशेबात "काच रबर, ६,५००" असं लिहिलंय. माझंच रबर मला.

मार्चमध्ये शेवटी फोन आला, "रंग मारलाय, बघून जावा." लांबून चकचकीत दिसली, खोटं कशाला बोलू. दोन मिनिटं माझंही काळीज हललं. मग खिशातलं चुंबक काढलं. फ्रिजवर लावतो ते, बालाजीचा फोटो असलेलं. डाव्या बाजूला केबिनच्या पत्र्यावर लावलं, खाली पडलं. बोटभर खाली लावलं, पडलं. बालाजी बिचारे चार वेळा जमिनीवर आले. पत्रा ठोकून सरळ करायचाच नाही, खड्ड्यात लांबी, म्हणजे पुट्टी भरायची, घासायची, वर रंग. नखानं टिचकी मारली तर पत्र्यासारखा खण्ण नाही, मडक्यासारखा भद्द आवाज. एका कडेला तर बोटभर जाड लांबी, सोलापूरच्या दोन उन्हाळ्यांत तडकून पापुद्रे निघणार. फ्लोअरला अठरा गेजचा पत्रा ठरला होता, घातलाय बावीसचा. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं, यांचा सगळा धंदा त्यावर. चेसिस नंबर बघायला वाकलो तर त्याच्यावरही लांबी आणि काळा रंग! अहो, पासिंगला आरटीओचे साहेब त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात. आता काय घासतील, तुमचं डोकं?

आणि मग मागं गेलो.

मागच्या दरवाज्याचे दोन पल्ले नव्हते. त्यांच्या जागी एक सपाट पत्रा, कडेला बिजागऱ्या, गोदामाच्या शटरला असतो तसा कोयंडा. मी विचारलं, "जुने पल्ले कुठायत?" कामाला असलेलं पोरगं मालकाकडं बघायला लागलं. मालक म्हणाला, "ते वाकले होते की. नवं करून दिलंय, उलट जादा काम केलं."

वाकले होते? रेघेच्या मागं दोन मीटर होते ते. फोटोत आहेत, सरळ, रंगसुद्धा गेला नाही.

त्या उजव्या पल्ल्याच्या आतल्या बाजूला आप्पांचं अक्षर होतं. आप्पांनी ही गाडी शहाऐंशी साली सेकंडहँड घेतली, सत्त्याहत्तरचं मॉडेल. डायरी कधी ठेवली नाही त्यांनी. प्रत्येक वेळी ऑइल बदललं की बारीक ब्रशनं ऑइलपेंटमध्ये त्या पल्ल्यावर लिहायचे, तारीख आणि किलोमीटर. "ऑइल", "पट्टा", "ब्रेक लायनर". ज्या वर्षी माझ्या बहिणीचं लग्न झालं त्या वर्षी सात महिने एकही ओळ नाही, पैसेच नव्हते. शेवटची ओळ अर्धी आहे, तारीख लिहिलीय, आकडा नाही. हे मी त्याला सांगितलं. वेड्यासारखं सांगितलं. तर तो दात कोरत म्हणतो, "सर, फोटो काढून ठेवायचा होता मग."

बाकी सगळं एकवेळ पचेल, पण हे वाक्य अजून उतरत नाही.

गाडी विंटेज म्हणून नोंदवायची होती मला, तर वर मित्रमंडळींचं ज्ञान. "मॅटाडोर आणि विंटेज? विंटेज म्हणजे राजेमहाराजांच्या." अरे बाबांनो, २०२१ साली केंद्र सरकारनं नियम केलाय. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली खासगी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. आमची घरगुती पासिंगची, ड्रायव्हर धरून नऊ सीटची. पुढच्या वर्षी पन्नास पूर्ण. वीस हजार फी बाजूला काढून ठेवली होती मी. पण त्या नियमात अट आहे, गाडी मूळ रूपात पाहिजे. चेसिस, बॉडी शेल, इंजिन यांत फेरफार केलेला चालत नाही. जळालेला पत्रा तसाच बनवून बसवला तर निदान बाजू मांडता आली असती. आता मागं गोदामाचं शटर लावलेली मॅटाडोर घेऊन आरटीओत जाऊन काय सांगू? जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या टेम्पो कंपनीनं मूळ मॅटाडोर काढली तेव्हा असाच कोयंडा होता म्हणून सांगू?

आता हिशेब. एक पंच्याऐंशीचे तीन लाख चाळीस झाले. "जादा काम निघालं." निघालं तेव्हा फोन का नाही केला? "तुम्ही नाही म्हटलं असतं." हे उत्तर आहे त्याचं, मी पदरचं घालत नाही. बिल मागितलं तर "बिल पाहिजे तर अठरा टक्के वेगळे." म्हणजे चोरी सरकारची, आणि सवलत दिल्याचा आव माझ्यावर!

भाचा वकिली करतो, त्याच्याकडं बसलो. त्यानं १८७२ चा करार कायदा काढला. कलम १७०, ज्यानं वस्तूवर कसबाचं काम केलंय त्याला ठरलेली मजुरी मिळेपर्यंत ती अडवून ठेवता येते. हे कलम सगळ्या गॅरेजवाल्यांना पाठ आहे, शाळा शिकलेला असो नसो. पण त्याच कायद्यात कलम १५१ आहे, दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेतली की शहाणा माणूस स्वतःची सांभाळेल तशी ती सांभाळायची. ते मात्र कुणाला ठाऊक नाही. शिवाय २०१९ च्या ग्राहक कायद्यात बिल न देणं हीच अनुचित प्रथा धरलीय, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही. भाचा म्हणाला, "मामा, केस चांगली आहे. पण आधी नोटीस, आणि कॅलेंडरचं ते पान जपून ठेवा." प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलंय, आईच्या दागिन्यांशेजारी.

नोटीस पाठवली. उत्तर म्हणून कालचा तो फोन.

आज सकाळी टोचनवाल्याला घेऊनच जाणार होतो, भाचा म्हणाला थांबा, पंचांसमोर फोटो काढून मगच गाडी उचलू. मग मी गेलो दुसरीकडं. त्या गॅरेजमधल्या पोरानं परवा हळूच एक नाव कानात टाकलं होतं. देव त्याचं भलं करो, मालकाला कळलं तर त्याचा रोज जाईल. भंगारवाल्याच्या आवारात तासभर फिरलो. कूलरच्या टाक्या, लूमचे रूळ, सायकली. एका कोपऱ्यात पत्र्यांच्या थप्पीखालून निळी कड दिसली. दोघांनी ओढून काढला. उजवाच पल्ला. हँडल तोडून नेलेलं, खालचा कोपरा गॅसनं कापलेला. उलटा केला, हातानं माती पुसली. "ऑइल", खाली "पट्टा". पहिल्या दोन ओळी कापलेल्या कोपऱ्यात गेल्या, बाकीच्या आहेत. अर्धी ओळसुद्धा आहे.

भंगारवाला म्हणाला, "भाव पस्तीस आहे मालक, पण तुम्हाला गरज दिसतीय, पन्नास लावतो." मी भांडलो नाही. वर्षभराचं सगळं भांडण संपलं होतं की काय कोण जाणे. त्यानं पल्ला काट्यावर ठेवला, चौदा किलो भरला. सातशे रुपये दिले. म्हटलं, "पावती द्या."

त्यानं दिली.