निपाणीच्या काकांना, नकलेबद्दल

काका नमस्कार. तुमची कमेंट तीनदा वाचली आणि दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी राग आला आणि मग त्यातलं एक वाक्य पटलं पण. पटलेलं आधी सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी लघुचित्रं (मिनिएचर) काढणारे जुने चितारी हिंगूळ हा लाल आणि हरताळ हा पिवळा रंग कसा खलायचे ते लिहिलं होतं, त्यावर तुम्ही म्हणालात की हे पोरं वाचतात, विषारी आहे म्हणून सांगायला नको का. बरोबर आहे तुमचं. हिंगुळात पारा असतो, हरताळात आर्सेनिक. मी दोन्ही घरात आणत नाही, गेरू, पिवळी माती आणि ट्यूबमधले रंग वापरते, पण हे लिहायचंच राहून गेलं. कागद चिकटवायच्या खळीत किडे लागू नयेत म्हणून मोरचूद घालतात तेही विषारीच, ते भांडं परत स्वयंपाकात घ्यायचं नाही. पोस्टमध्ये सगळ्यात वर टाकलंय आता.

बाकीचं मात्र नाही पटलं. तुम्ही लिहिलंत, दोन वर्षं झाली तरी जुन्या चित्रांच्या नकलाच काढतेस, आणि ही मोगलांची कला आपल्याला काय करायची, वारली शीक की.

काका, फूल धरलेला एक हात, एवढाच, मी तीन आठवडे काढत होते. बोटाच्या पेरापाशी रेघ किंचित जाड होते आणि नखाकडे जाताना केसासारखी बारीक, आणि हे सगळं ब्रश न उचलता एका श्वासात. ब्रश एका केसाचा असतो असं लोक म्हणतात, तसं नाही, केस भरपूर असतात पण सगळ्यांचं टोक एका बिंदूत आलं पाहिजे. (खारीच्या केसांचा ब्रश मी घेत नाही, सिंथेटिक शून्य नंबरवर भागवते.) रंगात डिंक जास्त झाला की रंग तडकतो, कमी झाला की हाताला पावडर लागते. आपल्याकडच्या जुलैच्या पावसात तर वसली वाळायलाच चार-चार दिवस. वसली म्हणजे तीन-चार कागद खळीने एकावर एक चिकटवून, दाबून, मग अकीकाच्या दगडाने घोटून घोटून काचेसारखा केलेला कागद हो. त्यावर परदाख्त करायची, म्हणजे सावली रंग पसरून नाही द्यायची, टिंब आणि बारीक रेघा एकाशेजारी एक भरत जायच्या, करंगळीच्या नखाएवढ्या गालाला माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. हे वाचून नाही येत ओ, ज्याला येत होतं त्याच्या रेघेवरून आपला हात फिरवला तरच येतं.

आणि मोठ्यांनी पण हेच केलंय. अबुल हसन, पुढे जहांगीरचा लाडका चित्रकार, त्याने 1600 मध्ये वयाच्या तेराव्या वर्षी ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या छापचित्रातला संत जॉन उतरवला, तो कागद आज ऑक्सफर्डच्या म्युझियममध्ये आहे. दरबारी चित्रकारांच्या कारखान्यात चर्बा असायचा, म्हणजे पारदर्शक कातड्यावर चित्र उतरवून रेघेवर टोचलेली भोकं, वरून कोळशाची पूड मारली की खाली खाका, म्हणजे कच्चं रेखाटन तयार. अकबराच्या काळच्या पोथ्यांत तर एकाच चित्राचा खाका एकाचा, रंग दुसऱ्याचे आणि चेहरा तिसऱ्याचा अशी नावं समासात लिहिलेली सापडतात.

राहिलं आपलं-परकं. वारली सुंदरच आहे, पण ती तरी आपल्या बेळगावची कुठाय? विजापूर मात्र आपल्या अथणीला लागून, आणि बेळगावच्या किल्ल्यातली सफा मशीद आदिलशाहीचा सरदार असदखानानेच बांधलेली. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारात (1580 ते 1627) जी चित्रं झाली त्यांच्यासारखे जांभळे आणि सोनेरी रंग मोगलांकडे सहसा बघायला मिळत नाहीत. तालिकोटच्या लढाईवरची हुसेन निजामशहाची सचित्र फारसी पोथी तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. कागद, कलम, दौत, शाई, आणि तुम्ही माझ्यासाठी वापरलेला तो नक्कल शब्द, सगळे फारसीच्या त्याच वाटेने मराठीत आलेत काका, ते आपण परके म्हणतो का?

माझं स्वतःचं म्हणाल तर एक सुरू आहे. किल्ल्याच्या खंदकाजवळ टोपली घेऊन बसलेली फुलवाली. हात तोच, तीन आठवड्यांचा, फक्त फुलाच्या जागी अबोलीचा गजरा आलाय. चेहरा अजून जमत नाहीये, नाकाची रेघ तीनदा पांढऱ्याने झाकली आणि चित्र पालथं घालून मागून परत घोटून घेतलं. उद्या चौथ्यांदा.