बदली ड्रायव्हर

पुण्यात जुना लॅपटॉप टाकून द्यायची पद्धत नाही. तो वापरातून जातो तो थेट माळ्यावर, आणि कुणाचं तरी दहावीचं वर्ष आलं की पुन्हा खाली उतरतो. उतरवला की आधी त्याला नवीन विंडोज घालायचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून कोथरूड ते हडपसर घरोघरी हा संस्कार चालू आहे. आता विंडोज ११ काही आठव्या पिढीच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरच्या घरी राजरोस दारातून येत नाही. मग कुणाचा तरी भाचा पेनड्राइव्ह घेऊन येतो आणि त्याला खिडकीतून आत घेतो. पोहे होतात, चहा होतो, भाचा जातो.

त्यानंतर स्क्रीनवर जे दिसतं त्याला ग्राफिक्स म्हणायला धाडस लागतं. एखादी विंडो ओढावी तर ती संध्याकाळी सातच्या सिंहगड रस्त्यासारखी पुढे सरकते. पान वर ढकललं की अर्धं जातं, अर्धं विचार करतं. फोटोतली माणसं आडवी फुगलेली, लग्नातले नवरा-नवरी थेट रौप्यमहोत्सवाला पोचलेले. ब्राइटनेसची पट्टी गायब. घरातून निकाल येतो, "म्हातारा झालाय, काढून टाका." मला हा निकाल मान्य नाही. परवापर्यंत हाच म्हातारा एका हाताने एक्सेल आणि दुसऱ्या हाताने कीर्तनाचा व्हिडिओ सांभाळत होता. गाडी तीच आहे हो, रातोरात ड्रायव्हर बदललाय.

आणि हे मी अलंकार म्हणून सांगत नाहीये. पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स चिपचं म्हणणं विंडोजला आणि विंडोजचं चिपला समजावणाऱ्या प्रोग्रामचं नावच मुळी ड्रायव्हर. अपग्रेड करताना जुना ड्रायव्हर नव्या विंडोजला चालला नाही, की त्याला खाली उतरवून 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' नावाचा बदली माणूस बसवला जातो. ज्यांनी कधी लग्नाच्या गावाला जाताना बदली ड्रायव्हर घेतलाय त्यांना हा स्वभाव ओळखीचा वाटेल. गाडी बंद पडू देणार नाही, पण दुसरा गिअर टाकणार नाही आणि एसीचं बटण कुठे आहे ते विचारणारही नाही. हा गडी स्क्रीनवर चित्र उमटवतो, बस. चिप बाजूच्या सीटवर हाताची घडी घालून बसून राहते आणि तिचं सगळं काम, म्हणजे प्रत्येक विंडो, तिची सावली, व्हिडिओची एकेक फ्रेम, बिचारा प्रोसेसर उपसत बसतो. पंखा बोंबलतो तो म्हणून. १०२४ बाय ७६८ वर अडकलेलं रिझोल्यूशन दिसलं की समजावं, बदली आलाय.

खात्री करून घ्या. विंडोजचं बटण आणि एक्स एकदम दाबून येणाऱ्या यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि डिस्प्ले अडॅप्टर्सच्या बाणावर टिचकी मारा. तिथे इंटेल, एनव्हिडिया किंवा एएमडी असं नाव असेल तर कायमचा माणूस कामावर आहे. मायक्रोसॉफ्ट असेल तर नाही. नाव बरोबर पण वर पिवळा त्रिकोण आणि आत कोड ४३ असेल, तर ड्रायव्हर आलाय पण चिपनेच 'तब्येत बरी नाही' असं कळवलंय. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्येही डोकवा. बदली बसलेला असला की तिथे जीपीयूचं, म्हणजे ग्राफिक्स चिपचं, नावच सापडत नाही.

मूळ ड्रायव्हर बहुतेक वेळा घरातच असतो. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स. ऐच्छिक विषयाकडे ढुंकूनही बघायचं नाही ही सवय आपल्याला शाळेपासूनची, त्यामुळे तो तिथे महिनोन् महिने वाट बघत बसतो. तिथे नसेल तर लॅपटॉप उलटा करा, खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या आणि बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवर जा. ११ चा ड्रायव्हर नसला तर १० चा घ्या, सहसा चालतो. थेट इंटेलचा घ्याल तर 'हा या संगणकासाठी प्रमाणित नाही' असं सांगून तो दारातच अडवू शकतो. अशा वेळी त्याच ड्रायव्हरची झिप फाइल उतरवून उलगडा, डिव्हाइस मॅनेजरमधून अपडेट ड्रायव्हर घ्या, तिथून ब्राउझ, मग लेट मी पिक, मग हॅव डिस्क, आणि त्याला झिपमधली, नावाच्या शेवटी आयएनएफ असलेली फाइल दाखवा. फाइल उतरली की ड्रायव्हर बसेपर्यंत वायफाय बंद. नाहीतर तुम्ही खऱ्याला आणेपर्यंत विंडोज अपडेट आपल्या ओळखीतला कुणीतरी बसवून मोकळं होतं.

एक कटू सत्य. आय५ च्या पुढे २ ने सुरू होणारा चार आकडी नंबर असेल, म्हणजे दुसरी पिढी, साधारण २०११ चा माल, तर त्यातल्या एचडी ३००० साठी इंटेलने विंडोज १० चाच अधिकृत ड्रायव्हर काढला नाही. ११ चा कुठून काढणार? तिथे भाच्याला पोह्यांचा हिशेब मागितला तरी उपयोग नाही.

'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' देणारी फुकट सॉफ्टवेअर मात्र घरात घेऊ नका. ती ड्रायव्हर एक आणतात आणि वऱ्हाड चाळीस. आणि दुकानात "फॉरमॅट मारून देतो" म्हणाले, तर कोणता ड्रायव्हर टाकणार ते आधी विचारा. फॉरमॅट मारून तेच विंडोज तोच बदली घेऊन परत येणार असेल, तर आपले पैसे फक्त चव बदलायला गेले.

आता समजा ड्रायव्हर जागेवर आला, फोटोतली माणसं बारीक झाली, तरी यूट्यूब अडखळतंय. इथे लोक पुन्हा ड्रायव्हरला शिव्या देतात, ते अन्यायाचं आहे. चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा आणि कोडेकची ओळ वाचा. व्हीपी०९ किंवा एव्ही०१ लिहिलं असेल तर दुखणं सापडलं. व्हिडिओ दाबून, घडी घालून पाठवायच्या या नव्या तऱ्हा आहेत. ती घडी उलगडायला चिपमध्ये वेगळी यंत्रणा लागते. इंटेलमध्ये व्हीपी९ ची पुरती सोय सातव्या पिढीपासून आहे, एव्ही१ ची अकराव्यापासून. जुन्या चिपला फक्त एच२६४ ची घडी उलगडता येते. बाकीच्या घड्या प्रोसेसर हाताने उलगडतो, नऊवारी नेसवायला पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या माणसासारखा. यावर एच२६४आयफाय नावाचं छोटं एक्स्टेन्शन आहे, ते यूट्यूबकडून जुनीच घडी मागून घेतं. एच२६४ मध्ये १०८० च्या वरचं सहसा मिळत नाही, पण १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर फोर-के बघण्याचा हट्ट कुणासाठी? "अपग्रेडच्या आधी चालत होतं" या तक्रारीचं उत्तरही कधीकधी इथेच असतं. हे एक्स्टेन्शन आधी कुणीतरी टाकून ठेवलेलं असतं, भाच्याने ब्राउझर कोरा केला आणि ते गेलं.

शिवाय क्रोमची स्वतःची एक काळी यादी असते. फार जुना ड्रायव्हर दिसला की क्रोम चिपला काम देतच नाही. पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि जीपीयू असं रोमन अक्षरांत टाइप करा. 'सॉफ्टवेअर ओन्ली' असं जागोजागी दिसलं तर तुमचंही नाव यादीत आहे.

बाकीच्या गोष्टी चटकन. अपग्रेडनंतर पहिला दिवसभर मागे इंडेक्सिंग, म्हणजे फाइलींची यादी करणं, आणि अपडेट अशी धुणीभांडी चालू असतात. हार्डडिस्कवाल्या लॅपटॉपमध्ये डिस्क शंभर टक्क्यांवर जाते आणि आळ ग्राफिक्सवर येतो, तेव्हा एक दिवस कळ काढा. दोन ग्राफिक्स चिपवाला लॅपटॉप असेल तर सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन हव्या त्या प्रोग्रामला हाय परफॉर्मन्स द्या. ६५ वॉटच्या जागी ४५ चा उसना चार्जर लावला असेल तर कित्येक लॅपटॉप मुद्दाम हळू चालतात. मेट्रोच्या खोदकामाची निम्मी धूळ आपल्या पंख्यात आहे असं माझं मत आहे. ती काढा आणि प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावलेली, आता वाळलेली थर्मल पेस्ट बदला, नवी मटाराच्या दाण्याएवढी पुरते, श्रीखंडासारखी फासू नका. लॅपटॉप गोधडीवर ठेवू नका. इंटिग्रेटेड, म्हणजे प्रोसेसरमध्येच बसवलेल्या, ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ती रॅममधून उसनी घेते. त्यामुळे चार जीबीच्या एकाच पट्टीशेजारी तशीच दुसरी बसवली की फरक डोळ्यांना दिसतो. चौथ्या-पाचव्या पिढीच्या लॅपटॉपला डीडीआर३एल जातीची रॅम लागते, १.३५ व्होल्टची. दुकानदार नुसती डीडीआर३ देत असेल तर परत करा.

एवढं करूनही जमलं नाही, तर सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी आणि गो बॅक. तुमचं जुनं विंडोज, मूळ ड्रायव्हरसकट, सी ड्राइव्हवर विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये बसलेलं असतं. अर्थात भाच्याने अपग्रेडच केलं असेल, सगळं पुसून नव्याने टाकलं नसेल तर. मुक्काम गणपतीसारखा दहा दिवस. अकराव्या दिवशी त्याचं परस्पर विसर्जन होतं, आणि 'जागा रिकामी करा' म्हणून घरात कुणी डिस्क क्लीनअप चालवलं तर दीड दिवसातच. मुक्काम साठ दिवसांपर्यंत वाढवायची एक कमांड आहे, पण ती दहा दिवसांच्या आत द्यावी लागते. म्हणून भाचा पुन्हा पोह्यांना कधी येतोय ते आजच फोन करून विचारा.